गाठीकडचा वारा

मी एक चिंधी बोलतेय. काचेच्या बरणीत बसून बोलतेय, म्हणून आवाज जरा कोंडल्यासारखा येईल. बरणीला झाकण आहे, झाकणावर फडकं आहे, फडक्यावर सुतळी आहे आणि सुतळीच्या गाठीवर लाखेचं सरकारी सील आहे. एवढा बंदोबस्त आमच्या भागात चोरांचाही कुणी केला नसेल. चिंधीचं काय ऐकायचं, असं म्हणून पान उलटू नका. बोट कापलं की तुम्हाला आधी मीच आठवते.

माझा जन्म पटक्यातला. कवठे महांकाळच्या पूर्वेला, जिथं कुसळं आणि वारा ही दोनच पिकं बारमाही येतात, तिथल्या माळावर अर्जुना मेंढक्याची वस्ती आहे. बिरोबाच्या जत्रेत त्यानं एक लाल पटका घेतला, त्याचं मी एक टोक. दहा-बारा वर्षं मी त्याच्या डोक्यावर राहिले. माझ्यावर भंडारा उधळला गेला, लोकर चिकटली, उन्हातान्हात मी घामानं भिजले आणि वाळले. भंडारा, मेंढरं आणि अर्जुना असा तिघांचा मिळून एक वास माझ्या धाग्यांत मुरला होता.

वास म्हणजे काही वाईट गोष्ट नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. शंभर पिलांतून मेंढी आपलं पिलू नुसतं हुंगून काढते. तिला कुणी आधार कार्ड मागत नाही.

अर्जुनाचे पाय थकले तशी त्यानं मेंढरं कमी केली, चार एकरांत बाजरी केली. पटकाही फाटला. पण त्याची बायको धोंडुबाई काही टाकून देणाऱ्यातली नव्हे. तिनं पटक्याच्या पट्ट्या केल्या. एक विळ्याच्या मुठीला गेली, एक कोकराच्या मोडलेल्या पायाला. मी उरले, हातभर लांब आणि चार बोटं रुंद. मला तिनं कोनाड्यात खुपसून ठेवलं.

धोंडुबाईची नीट ओळख करून द्यायला हवी, कारण ही सगळी हकीकत तिच्या नाकाची आहे. आमच्याकडे चटणी म्हणजे ताटाच्या डाव्या बाजूला वाढायची चमचाभर वस्तू नव्हे. चटणी म्हणजे वर्षाचा मसाला. उन्हाळ्यात मिरच्या वाळल्या की कुटायला डंकाचं यंत्र आहे, पण भाजायला नाही. धने, खसखस, दगडफूल, लवंगा, खोबरं, प्रत्येकाची भाजायची वेळ निराळी, आणि ती वेळ घड्याळात नसते, नाकात असते. म्हणून पाच गावांतून धोंडुबाईला बोलावणं यायचं. ती कढईकडे पाठ करून मिरच्यांची देठं खुडत बसायची आणि मध्येच म्हणायची, “उतरव गं, धनं झालं.” बाई कढई उतरवून बघायची, तर धने नेमके झालेले. एक दाणा कच्चा नाही, एक करपलेला नाही. लेकी सासरी जाताना आया त्यांना सांगायच्या, चटणी कर ती धोंडुबाईच्या नाकानं.

आणि त्याच नाकावर हा घाला पडला.

तीन वर्षांपूर्वी वस्तीच्या पश्चिमेला, ओढ्यापलीकडे, पत्र्याची एक लांबलचक शेड उभी राहिली. कोंबड्यांची पिसं, आतडी, मुंडकी शिजवून त्यांची भुकटी करायचा कारखाना. माल थेट कोरेगावपासून टेंपोत भरून यायचा. नारळ फोडताना मालक म्हणाले होते, वीस जणांना काम मिळेल, आणि वासाचं म्हणाल तर वास खाऊन टाकणारं यंत्रच बसवलंय. त्या यंत्राला वास पचला नाही म्हणा किंवा ते कधी जेवायलाच बसलं नाही म्हणा. महिन्याभरात वारा ओढा ओलांडून आला तो सडकं मांस आणि जळकी पिसं घेऊनच.

तुम्ही म्हणाल, वास तर आहे, त्यानं काय होतं? या की मग राहायला. बाळंतिणीच्या गळ्याखाली घास उतरेना. शाळेतली पोरं खिचडीचं ताट घेऊन खोलीची दारं लावून बसायला लागली. पाहुणे यायचे ते चहाला नको म्हणायचे आणि उन्ह उतरायच्या आत काहीतरी काम आठवून उठायचे. वस्तीनं उदबत्त्या लावल्या, फिनेल शिंपडलं, खिडक्यांना पोती बांधली. जिथं वास येऊन पडत होता तिथं सगळे झगडत होते. तो निघतो कुठून, तिकडे बघायची हिंमत कुणाला झाली नाही.

शेवटी प्रदूषणाच्या सरकारी कार्यालयात तक्रार केली. साहेब आले, पण ते येणार हे कारखान्याला आठ दिवस आधी कळलं होतं. त्या दिवशी शेड धुतलेली, बॉयलर थंड, आणि फाटकावर गुलाबाच्या उदबत्तीचा पुडा पेटवलेला. साहेब वस्तीवर आले, दोनदा नाक वर केलं आणि म्हणाले, “मला तर मेंढरांचाच वास येतोय.” आणि तेच कागदावर लिहून मोकळे झाले.

अर्जुना तसा शांत माणूस, पण त्या दिवशी त्याचा आवाज चढला. “सायेब, सात पिढ्या आमी मेंढरांत ऱ्हातोय. त्येंच्या वासानं आजपातुर कुनी वकलं न्हाई.”

साहेबांची जीप तोवर वळलीही होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असं. मला आजही तो कागद आठवला की माझे धागे उसवतात.

अर्जुनाची नात सोनिया सांगलीत, विश्रामबागेतल्या कॉलेजात शिकते. ती सुट्टीत आली, तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आबा, आपन तोंडानं सांगितलं की ते म्हनत्यात तक्रार. रोजच्या रोज लिवून सांगितलं की त्येला म्हनत्यात नोंद. आपन नोंद करायची.”

तिनं सहा घरांना सहा वह्या दिल्या. सकाळ, दुपार, सांज, तीन वेळा दारात उभं राहायचं आणि लिहायचं. वास किती, कसला, वारा कुठला, लिहिणाऱ्याचं नाव. पानाचा फोटो रोज ग्रुपवर टाकायचा. दुसरीकडेही लोकांनी असंच करून दाखवलंय, असं ती सांगत होती. वास मोजायचा कसा, यावर मात्र वस्ती हसली. तेव्हा धोंडुबाईनंच माप ठरवलं. शून्य म्हणजे काही नाही. एक म्हणजे आला आणि गेला. दोन म्हणजे ओळखू येतो. तीन म्हणजे पदर नाकाला. चार म्हणजे घास उतरत नाही. पाच म्हणजे ओकारी. कुठल्याही प्रयोगशाळेला याहून स्वच्छ माप करून दाखवता येणार नाही, हे मी पैजेवर सांगते.

वारा बघायला काहीतरी फडकतं हवं होतं. धोंडुबाईनं कोनाड्यातून मला काढलं आणि अंगणातल्या वेळूच्या टोकाला पक्की गाठ मारून बांधलं. पलीकडच्या पठारावर एवढाल्या पवनचक्क्या उभ्या आहेत, पण वाऱ्याची दिशा विचारायला लोक माझ्याकडे बघायचे. मी अभिमानानं फडफडायचे.

पहिल्याच आठवड्यात घोटाळा झाला. तीन घरांत वारा पश्चिमेचा आणि तीन घरांत, त्याच वेळी, पूर्वेचा! सोनिया चक्रावली. मग कळलं, की धोंडुबाई आणि बाकीच्या बायका जन्मभर वाऱ्यावर बाजरी उफणलेल्या. उफणणारी बाई बघते ती भूस कुठं जातंय ते. म्हणून माझं शेपूट जिकडे उडतंय ती दिशा त्यांनी लिहून टाकली.

“आज्जी, शेपटाकडं न्हाई बघायचं,” सोनिया हसत म्हणाली. “शेपूट सांगतंय वारं कुठं चाललंय. गाठीकडनं येतंय ते. आपल्याला येनारा लिवायचाय.”

“आगं, मग आदी सांगायचं न्हवं!” धोंडुबाईनं सगळ्यांच्या वह्या गोळा करून, प्रत्येकीला विचारून, चुका दुरुस्त केल्या. तेव्हापासून वस्तीत म्हणच पडली. काहीही विपरीत झालं की म्हणायचे, गाठीकडं बघा.

धोंडुबाई साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकलेली. जाड, तिरकी अक्षरं, पण एक वेळ चुकवायची नाही. ताप असला तरी उंबऱ्यात यायची, माझ्याकडे बघायची, श्वास ओढायची आणि लिहायची. तिचं घर कारखान्याला सगळ्यांत जवळचं, तिचं नाक पाच गावांत गाजलेलं, म्हणून सोनियाच्या लेखी तिची वही सगळ्यांत भारी. आखाडात तिच्या वहीत पाच होते. श्रावणात चार. गणपतीत तीन. मग थंडीत वारा फिरला, पूर्वेचा झाला, तेव्हा सगळ्यांनाच जरा मोकळा श्वास मिळाला. होळीनंतर वारा पुन्हा गाठीकडून, म्हणजे कारखान्याकडून, सुटला. पाच घरांच्या वह्यांत पुन्हा चार, पाच, पाच. धोंडुबाईच्या वहीत एक. मग शून्य. पुन्हा शून्य.

मी वरून बघत होते. माझा धागा न् धागा त्या घाणीनं भरला होता. ती माझ्याकडे बघून ‘पश्चिम’ असं बरोबर लिहायची आणि त्यापुढे निवांत शून्य काढायची. मी किती फडफडले! पण फडफडण्याला कोण विचारतो?

अर्जुना दिवसभर राहिलेली मेंढरं घेऊन लांब चारायला जायचा. सांजेला परतला की ओढ्यापासूनच नाक धरायचा. “काय घान सुटलीया गं आज!”

“तुमचं आपलं कायतरीच. कमी केलंय त्येंनी आता.”

“तुजं नाक म्हातारं झालं, धोंडे.”

हे तिला झोंबायचं. नाकाबद्दल कुणी तिला बोललेलं तिनं कधी ऐकलंच नव्हतं. ती आणखी एक खोल श्वास ओढायची आणि ठासून शून्य काढायची. अर्जुनाला वाचता येत नव्हतं. सोनिया परीक्षेत गुंतली होती, आणि ग्रुपवरचे फोटो ती एकदम नंतर बघणार होती. असं ते राहून गेलं.

चैत्रात, तिची परीक्षा संपली न संपली तोच, सांगलीच्या त्याच सरकारी कार्यालयात सुनावणी लागली. वारा कसा बघतो ते दाखवायला सोनियाच्या सांगण्यावरून धोंडुबाईनं मलाही सोडून प्लास्टिकच्या पिशवीत बांधलं, पण ती पिशवी उघडायची वेळच आली नाही. तिथं कारखान्याचे सल्लागार आले होते, जयराज नावाचे. कडक इस्त्रीचा शर्ट, गोड आवाज. त्यांनी पाच वह्या बाजूला सारल्या आणि सहावी उघडली.

“साहेब, या धोंडुबाई. यांचं नाक सगळ्या तालुक्यात प्रसिद्ध आहे. आमच्या घरी चटणी यांच्याच हातची असते. घर कारखान्यापासून सगळ्यांत जवळ. आणि यांच्या स्वतःच्या अक्षरात बघा. शून्य. शून्य. शून्य. बाकीच्यांचं काय आहे, ते आता तुम्हीच समजा.”

सोनियानं वही ओढून घेऊन पानं उलटली. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी महिन्यानंतरची तारीख दिली. परतीच्या एसटीत ती म्हणाली, “असं कसं लिवलंस गं आज्जी?”

“न्हाई आला वास, तर आला म्हनून लिवू? तूच सांगितलंस न्हवं, नाकाला येईल त्येच लिवायचं?”

पोरीनं वही मिटून पिशवीत घातली. आणि मला राग कुणाचा येत होता म्हणाल, तर त्या गोड आवाजाचा. खरं बोलणाऱ्या बाईचं खरेपण उचलून तिच्याच गळ्याला फास लावायचा, ही कसली हुशारी?

त्याच आठवड्यात हरणाबाई, शेजारच्या वस्तीवरची, मिरच्या आणि मसाला घेऊन धोंडुबाईच्या अंगणात आली. मला पुन्हा वेळूला बांधलं होतं, चूल माझ्याखालीच पेटली. धोंडुबाई नेहमीसारखी कढईकडे पाठ करून देठं खुडायला बसली. हरणाबाई धने हलवत होती आणि वाट बघत होती. बाई सांगेल तेव्हा उतरवायचे, हीच रीत. धने तांबूस झाले. धोंडुबाई बोलली नाही. काळपट झाले. हरणाबाईला वाटलं, यंदा जरा जास्त भाजायचे असतील. एवढ्या नाकवालीला आपण कोण शिकवणार? धूर निघाला तरी ती हलवत राहिली.

“आज्जी! करपलं की सगळं!” सोनिया घरातून ओरडत आली.

धोंडुबाई वळली. कढईत कोळसा झालेला. ती त्या धुरात तोंड घालून उभी राहिली, एकदा, दोनदा श्वास ओढला. मग घरात गेली. देव्हाऱ्यातला भंडारा चिमटीत धरून हुंगला. कांदा ठेचून हुंगला. मग अंगणात येऊन वेळू वाकवला, माझी गाठ सोडली आणि मला नाकाशी घट्ट धरलं. तिचा श्वास माझ्या आरपार गेला आणि तसाच रिकामा परत आला.

“आवं,” ती अर्जुनाला म्हणाली, “तुमचा वास बी येईना.”

अर्जुना सवयीनं चेष्टा करायला गेला. “माजा वास न्हाई आला तर बरंच हाय की...” तो तिच्याजवळ भुईवर बसून राहिला.

सोनियानं मला तिच्या हातून घेतलं, नाकाजवळ नेलं आणि तशीच भिंतीचा आधार घेऊन वाकली. वर्षभराची घाण होती माझ्यात. अर्जुनाचा पटका, भंडारा, मेंढरं, सगळं त्याखाली कुठं गाडलं गेलं होतं, माझं मलाच सापडत नव्हतं. पोरीनं तोंड धुतलं आणि आजीला समजावलं, की एकच वास रात्रंदिवस आदळत राहिला की नाक त्याला मुकतं, आणि तुझं तर सगळंच थकलेलं दिसतंय. परत येईल का? डॉक्टरला दाखवू, ती म्हणाली, पण येईल असं काही म्हणाली नाही.

“म्हंजे ते शून्य...” धोंडुबाई हळूच म्हणाली.

“वासाचं न्हवतं, आज्जी.”

तेव्हा धोंडुबाई पहिल्यांदा रडली. करपलेल्या धन्यांपायी नव्हे. आपल्या हातानं आपण खोटं लिहिलं, पाच घरांचा शब्द पाडला, याचं तिला लागलं होतं. आणि ज्यांनी तिचं नाक नेलं, ते तिच्याच शून्यावर उड्या मारत होते! लोणच्याची रिकामी बरणी तिनं स्वतः घासली, उन्हात वाळवली आणि मला आत घालून झाकण लावलं.

दुसऱ्या सुनावणीला खोलीत एसी होता, खिडक्या बंद होत्या. सोनियानं सरळ सांगितलं, “सर, ही चिंधी म्हणजे पुरावा असा आमचा दावा नाही. आमची मागणी एवढीच, की वारा पश्चिमेचा असेल तेव्हा, न कळवता या.”

जयराज हसले. “साहेब, कुठलीही चिंधी कशातही बुडवून आणता येते.”

“मंग हुंगून बगा की,” धोंडुबाई म्हणाली आणि तिनं झाकण काढलं.

मी काही केलं नाही. नुसती होते. पण साहेबांची खुर्ची मागे सरकली, कारकून खिडकीकडे धावला, आणि जयराजांचा रुमाल नाकावर गेला. तो रुमालही माझाच भाऊबंद, फक्त इस्त्री होऊन साहेबी खिशात बसलेला. सगळ्या खोलीत एकटी धोंडुबाई नाकाला काही न लावता उभी होती. ती बरणीवर वाकली, चांगला खोल श्वास घेतला आणि सगळ्यांच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत राहिली.

“येतोय का वास, सायेब?” तिनं विचारलं. “मला खरंच कळत न्हाई. तुमचं नाक चांगलं हाय, तुमी सांगा.”

साहेबांनी हातानं खूण केली. “झाकण लावा, बाई.”

“लावते. पर आदी आकडा सांगा.” तिनं आपली वही उघडून त्यांच्यासमोर सरकवली. तारीख घातलेली, नाव घातलेलं, वासाची जागा रिकामी. “माजं नाक गेलं. आता ह्यो आकडा मी लिवला तर खोटा व्हईल.”

साहेबांनी वहीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. मग एका हातानं नाक धरून दुसऱ्या हातानं पाच लिहिला आणि खाली सही केली. वर्षभराच्या त्या वहीत वस्तीबाहेरच्या माणसाचा तेवढा एक आकडा आहे.

त्या आकड्याबरोबर साहेबांनी मलाही ठेवून घेतलं, म्हणून मी आता कार्यालयातल्या या कपाटात, सील होऊन. कारखाना अजून चालू आहे. त्याला नोटीस गेली, मुदत मिळाली, मुदतवाढही मिळाली. सोनिया दर पंधरा दिवसांनी नव्या वह्यांचे कागद द्यायला येते, तेव्हा कारकुनाशी बोलते ते मला ऐकू येतं. वस्तीनं रीत बदललीय म्हणे. दारात आलेल्या पाहुण्याला आधी आकडा विचारायचा, मग गूळ-पाणी द्यायचं. कारण पाहुण्याचं नाक अजून जिवंत असतं. धोंडुबाई रोज सकाळी चिमूटभर भंडारा हुंगते आणि कुणी विचारायच्या आत मान हलवते. यंदा चटणीला तिला कुणी बोलावलं नाही, पण हरणाबाई मात्र आली. धोंडुबाई कढईकडे तोंड करून बसली आणि विचारत राहिली, “काय येतंय गं आता? आता काय येतंय?”

माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या गावात वास सुटला तर उदबत्ती लावू नका, खिडकीला पोतं बांधू नका. एक चिंधी बांधा. आणि तिच्या शेपटाकडे बघत बसू नका, गाठीकडे बघा. ती तारीख, ती वेळ, तो आकडा लिहून ठेवा, नाक शाबूत आहे तोवरच. आणि साहेब, तुमच्या हाताखालच्याच कपाटात आहे मी. मुदतवाढीच्या कागदावर सही करण्याआधी दर वेळी माझं झाकण उघडत जा.